डावा गार्ड : टाविटा किंवा मी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कॅल्डर कॉलेजच्या प्रमुख डॉ. मार्गरिट ऑयलर, व्यासपीठावर विराजमान झालेले, आणि खुर्ची लहान पडल्यामुळे जरा अवघडून बसलेले सत्कारमूर्ती कोच लेलंड सोबोत्का, त्यांना एकतीस हंगाम निमूटपणे, म्हणजे अजिबात निमूटपणे नव्हे, सोसणाऱ्या आर्लीनबाई, सोमवारपासून नवे कोच म्हणून त्यांची शिट्टी गळ्यात घालणारे माझे मित्र टाविटा फालेआफा, आजी-माजी खेळाडू, आणि राजमा-खिम्याच्या चिलीच्या वाडग्यात दालचिनीचा रोल बुडवत माझ्याकडे संशयाने बघणाऱ्या माझ्या गाववाल्यांनो,

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. कोचनी मला चार वर्षांत मैदानावर पाच मिनिटं दिली नाहीत, तेव्हा आज मी जरा जास्त घेतली तर घड्याळाकडे बघू नका.

माझ्याआधीच्या तिन्ही वक्त्यांनी सांगितलं की कोच म्हणजे सत्यवचनी माणूस. असेलही. पण मी, रॉयस पॉस्पिशिल, पडलो गुरांचा डॉक्टर. मालकाने गाईचं वय सांगितलं तरी आधी तिचे दात बघतो. म्हणून मी या सत्पुरुषाच्या एका खोट्याबद्दल बोलणार आहे. आर्लीनबाई, घाबरू नका, तुम्हाला ते माहीत आहे.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आदल्या हंगामात आपल्या संघाची काय दशा झाली होती, आठवतं ना? आपल्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू फेकणाऱ्याला राखायला पुढच्या फळीत पाच दांडगे लागतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत आमच्याकडे धड चालणारे चार उरले होते. पाचवा म्हणून कोचनी बँडमधला ट्यूबा वाजवणारा उभा केला. गडी अंगाने चांगला थोराड होता, पण समोरून कुणी धावत आलं की बाजूला सरून वाट द्यायचा. घरचे संस्कार! त्या सामन्यात आमच्यावर एकसष्ट गुण चढले.

त्या हिवाळ्यात कोचनी शपथ घेतली : पुढच्या वर्षी प्रत्येक जागेला तीन माणसं. आणि निघाले गोळा करायला. कुस्तीच्या संघातून दोघं उचलले, गोळाफेक करणारा एक पळवला. जिल्ह्याच्या जत्रेत एक मुलगा दोन काखांत दोन डुकरं धरून चालला होता. डुकरांना बक्षीस जाहीर व्हायच्या आत मुलाचा कॉलेजप्रवेश पक्का झाला. साठ जणांचा संघ शंभरावर गेला, तेव्हा याच भटारखान्यातल्या बायकांनी कोचना आत यायला बंदी केली होती.

पण मंडळी, माणसं गोळा करणं सोपं असतं. ती टिकतात का? दुसऱ्या क्रमांकावरच्या पोराला इतर कॉलेजांचे फोन येतात, ‘तिथे बाक कशाला झिजवतोस? इकडे ये, पहिला खेळशील.’ तो जातो, मग पहिल्याचा गुडघा मोडतो, आणि कोच पुन्हा ट्यूबावाल्याच्या दारात.

यावर कोचनी उपाय काढला. ऑगस्टच्या सरावात कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर रोज सकाळी यादी लागते. कुठल्या जागेवर पहिला कोण, दुसरा कोण. दोघं अगदी तोडीस तोड असले, तर दोन नावांच्या मध्ये ‘किंवा’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. इतर कोच एखाद-दुसऱ्या जागी लिहितात. आमच्या कोचनी हल्ल्याच्या आणि बचावाच्या मिळून बावीसच्या बावीस जागांवर लिहिलं. त्या यादीत कुणी पहिला नव्हता आणि कुणी दुसराही नव्हता. सगळे ‘किंवा’. त्यात पुढच्या फळीतल्या पाच दांडग्यांपैकी एकाची ओळ अशी होती : डावा गार्ड, टाविटा फालेआफा किंवा रॉयस पॉस्पिशिल.

टाविटा, जरा उभा राहा रे. बघा. हा सामोआहून आला तेव्हाही एवढाच होता. दारातून आत आला की खोलीत दिवा लावावा लागायचा. याच्याशी माझी बरोबरी? पण दारावर लिहिलं होतं, आणि माणूस आपल्या सोयीचं लिहिलेलं लगेच खरं मानतो.

माझं ते शेवटचं वर्ष होतं. आधीची तीन मी बाकावर काढली होती. माझे वडील, मिलो पॉस्पिशिल, दर शनिवारी डुकरांचं दाणापाणी उरकून नव्वद मैल गाडी हाकत यायचे आणि माझी पाठ बघून परत जायचे. बाकावर बसलेल्याची पाठच दिसते ना प्रेक्षकांना! मला एकदा तरी मैदानात बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि त्या ऑगस्टमध्ये साउथ डकोटातल्या एका कॉलेजचा मला फोन आला. ये, पहिला खेळशील, शब्द देतो. मी बॅग भरली आणि कोचच्या खोलीत गेलो.

“कोच, मी चाललो.”

“कुठे?”

“जिथे खेळवतात तिथे.”

“दारावरची यादी वाचलीस?”

“वाचली.”

“काय लिहिलंय?”

“किंवा.”

“म्हणजे डोळे शाबूत आहेत. जा, बॅग रिकामी कर.”

“कोच, खरं सांगा. मी दुसरा आहे का?”

त्यांनी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कपात थुंकली. “मग मी काय झोपेत लिहिलं का रे?”

आता तुम्ही शहाणी माणसं आहात, तुमच्या लगेच लक्षात आलं असेल की त्यांनी उत्तर दिलंच नाही. माझ्या यायला बावीस वर्षं लागली. मी बॅग रिकामी केली आणि घरी फोन लावला. “बाबा, शनिवारी या. यादीत ‘किंवा’ आहे.” बाबा म्हणाले, “ते चांगलं असतं का?” मी म्हटलं, “खेळणार आहे हो मी!”

उजाडला शनिवार. आमची पहिली खेळी. कोच ओरडले, “गार्ड, चला!” टाविटा धावला. मीही धावलो. मैदानावर अकराच्या जागी आमचे झाले बारा. पंचांनी पिवळा रुमाल फेकला, पण तोवर चेंडू सुटला होता आणि माझ्यासमोरच्या गड्याला मी उताणा पाडला होता. शिट्टी वाजली. खेळी रद्द, पंधरा यार्ड मागे. पुढच्या खेळीला आम्ही दोघं शहाणे झालो. तो म्हणाला “तू जा,” मी म्हणालो “छे, तू जा,” आणि मैदानावर राहिले दहा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी डाव्या गार्डची जागा ओस. त्या भगदाडातून समोरचे तिघं आत शिरले आणि आमच्या चेंडू फेकणाऱ्याला भेटून आले.

तेव्हा आर्लीनबाई, तुम्ही चौथ्या रांगेत उभ्या राहून ओरडलात, “लेलंड! अरे, एकाचं नाव घे!”

बाईंचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. कोचनी टोपी जमिनीवर आपटली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग याच्याकडे, आणि म्हणाले, “टाविटा.”

मी बाकावर जाऊन बसलो, तो नोव्हेंबरपर्यंत. खोटं कशाला बोलू, त्या हंगामात टाविटाच्या गुडघ्यासाठी मी मनोभावे प्रार्थना केली, आणि तो सलामत राहावा म्हणून नव्हे. ऑक्टोबरात अर्धा संघ तापाने झोपला, या पठ्ठ्याला शिंक आली नाही. बाकी सहा-सात जागांवर पहिले पडले, दुसरे उभे राहिले, आणि आपण नऊ सामने जिंकलो. त्याचे फोटो त्या भिंतीवर आहेत. कोचची युक्ती फळाला आली, हे मला कबूल आहे. पण मला राग आला होता मंडळी, फार राग. पुढे मी त्यांच्या गोठ्यातल्या अडलेल्या गाई सोडवल्या, वासरांना लसी टोचल्या, हसून बोललो, आणि राग जसाच्या तसा ठेवला.

कारण बाबा पुढच्या मार्चमध्ये गेले. त्यांनी मला मैदानात पाहिलं ते त्या एका रद्द खेळीत. धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींना त्यांनी ती खेळी इतकी सांगितली, की ती मंडळी कप घेऊन आपापल्या गाडीत जाऊन बसायची. “पोरानं पहिल्याच धडकेत समोरच्याला आभाळ दाखवलं,” म्हणायचे. “पंचांना माणसं मोजायची खोड आहे, त्याला मी काय करू?”

गेल्या महिन्यात कोच त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. कुत्री ठणठणीत होती. मी तिचे कान बघितले, दात बघितले, पोट दाबलं. कोच काही हलेनात. शेवटी कुत्रीकडे बघत म्हणाले, “रॉयस, तू दुसरा होतास. पहिल्या दिवसापासून.”

वरातीमागून घोडं! मी म्हटलं, “तेव्हा सांगितलं असतंत तर मी गेलो असतो.”

“म्हणून तर नाही सांगितलं.”

“माझे वडील यायचे बघायला.”

“माहीत आहे. दर शनिवारी दिसायचे मला.”

मग आम्ही दोघंही कुत्रीला थोपटत बसलो. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. जरा वेळाने मी विचारलं, “दुसरा म्हणजे किती दुसरा?”

कोच म्हणाले, “तू वाईट असतास, तर मी खरं सांगून मोकळा झालो असतो.”

चार वर्षं आणि वर बावीस, एवढ्या काळात त्यांच्या तोंडून निघालेलं माझं हे पहिलं कौतुक. ते मी घरी जाऊन बायकोला तीनदा ऐकवलं.

टाविटा, ऑगस्टमध्ये दारावर यादी तू लावणार. जो दुसरा असेल त्याला दुसरा आहेस म्हणून सांग. गेला तर जाऊ दे, ट्यूबावाले कॉलेजात पुष्कळ आहेत. पण राहिला, तर तो स्वतः ठरवून राहिलेला असेल, आणि त्याचा बाप कशासाठी गाडी हाकतोय ते त्या बापालाही माहीत असेल.

असो. अध्यक्षबाई पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवताहेत. ही खूण मला कळते. मला बोलावल्याबद्दल कॉलेजचे आभार, चिलीसाठी भटारखान्याचे आभार, आणि इतका वेळ न उठल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे. बोलण्याच्या ओघात माझं काही चुकलं-माकलं असेल, तर मोठ्या मनाने मला माफ करा.

आणि कोच, मीही तुम्हाला केलं.