वाळ्याचा ठसा

माझा जन्म जुन्नरातलाच, कागदी घराण्यातला. आमचे पूर्वज हातानं कागद बनवायचे म्हणतात, पण माझ्या वडलांच्या वेळेपर्यंत कागद संपला व्हता, नुसतं नाव राहिलं व्हतं, वडील सायकली दुरुस्त करायचे. शाळा चौथीपर्यंत, नगरपालिकेची. पाचवीला आई म्हणाली बस झालं, आता भाकरी गोल करायला शीक, ती काय मला आजवर गोल जमली नाय. लग्न झालं ते दोन गल्ल्या सोडून, बेकरीवाल्याच्या घरात. लोक म्हणतात लग्न झालं की माहेर सुटतं, माझं कसलं सुटतंय, सासू जोरात बोलली तर आईला तिकडं ऐकू जायचं. सासऱ्यांनी भट्टी बांधली, ह्यांनी चालवली, ह्यांच्या मागं आता मुलगा चालवतो, आन् मी गल्ल्यावर बसते ती बसतेच. गिऱ्हाईक मला चाची म्हणतं, पोरंही चाची म्हणतात, त्यांचे आजेही चाचीच म्हणतात.

काय सांगू तुम्हाला ताई, माणूस काय घेतो त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते मला कळतं. बिनसाखरेचा टोस्ट मागितला की समजायचं, डॉक्टरकडं जाऊन आलाय. खारी, बटर, नानकटाई, समदं एकदम घेतलं आन् पिशवी नवी असली की पोरगी बघायला पावणं यायचेत. रोज सहा पाव नेणारा माणूस एक दिवस चार मागतो, तेव्हा मी विचारत नाय. विचारलं की माणूस गल्ल्यासमोर रडायला लागतं, आन् मागं रांग असते. मी चार पाव देते आन् पुढच्याला म्हणते, बोला.

आता लोक मोबाइलवर लिहितात दुकानाबद्दल, मुलगा मला वाचून दाखवतो. एकानं लिहिलंय खारी एक नंबर, पण गल्ल्यावरची म्हातारी अंगावर येते. एका बाईनं लिहिलंय आमी ओझरच्या गणपतीला आलो की मुद्दाम वाकडी वाट करून इथं येतो. मुलगा म्हणाला, अम्मी, जरा हसून बोलत जा. मी म्हटलं, ज्याला हसायचंय तो सर्कशीत जाईल, इथं खारी मिळते. पण ताई, एक गिऱ्हाईक आमचं असं हाय की ते मोबाइलवर कधी लिहिणार नाय. तिला लिहिता येत नाय. येत असतं तर तिनं काय लिहिलं असतं, हे मी गेली वीस-बावीस वर्षं मनात लिहून बसलेय.

आधी तुम्हाला नानकटाईचं सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्याकडं बायका आपापलं सामान घेऊन यायच्या. मैदा घरचा, पिठीसाखर घरची, तूप घरचं, भट्टी फक्त आमची. ओट्यावर बसून तूप फेसायच्या, गोळे करायच्या, पत्र्यावर म्हणजे आमच्या लोखंडी ट्रेवर मांडायच्या. एका टायमाला दहा बायकांचे पत्रे भट्टीत. मंग कुणाचा कोणता हे कळावं कसं? चिठ्ठी ठेवली तर जळून जाते. म्हणून जी ती आपल्या नानकटाईवर ठसा उठवायची. कुणी किल्लीचा, कुणी बांगडीचा, एक म्हातारी व्हती ती सरळ नखानं ओरबाडायची. भाजून निघालं की मी ठसा बघून पत्रा ज्याचा त्याला द्यायची. ते काम माझं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय. सासूनं लग्नाच्या पहिल्या दिवाळीला सांगितलेलं, बायका आपल्या हातात तूप देतात म्हणजे घरातली अब्रू देतात, इकडचं तिकडं झालं तर दुकानाला कुलूप लागंल.

पारूबाई तेव्हा जुन्नरजवळच्या एका वाडीवर राहायची. दर दिवाळीला यायची, कडेवर मुलगी, मंदा. मंदाच्या पायात चांदीचे वाळे. एका वर्षी पारूबाईला ठशाला काही सापडंना, तिनं पोरीच्या पायातला वाळाच काढला आन् त्याचं तोंड दाबलं. अर्धा चंद्र उठला आन् चंद्राच्या दोन टोकांना दोन टिकल्या, वाळ्याच्या गोंड्यांच्या. पोरगी हसायला लागली, माझा पाय उठला, माझा पाय उठला म्हणून. मी दटावलं, पीठ आहे ते, खेळ नाय. पुढं मंदा मोठी झाली, वाळे बसंनात, पण पारूबाईनं एक वाळा ठशासाठी तसाच ठेवला.

मंदाचं लग्न ओतूरला झालं. पहिल्या वर्षी दिवाळसणाला जावई आला, ते समदं नीट. दुसऱ्या वर्षी फराळाचा डबा लेकीच्या सासरी धाडायचा व्हता. सासू तोंडाची तिखट, माहेरच्या प्रत्येक वस्तूला नाव ठेवणारी. म्हणून पारूबाईनं आपल्या गाईचं तूप दोन महिने साठवलं आन् नेहमीपेक्षा जास्त घातलं. मी म्हटलं पारूबाई, तूप लई होतंय, पसरंल. ती म्हणाली पसरू दे चाची, चव तर बोलंल.

पसरलंच. साजूक तुपाची नानकटाई भट्टीत सैल पडते, ठसा भरून येतो. वनस्पती घातलेली घट्ट राहते, तिच्यावर ठसा जसाच्या तसा. हे मला तेव्हाही ठाऊक व्हतं, पण गर्दी लई, मी पत्रे ओढतेय आन् देतेय. एका पत्र्यावर मला अर्धा चंद्र दिसला, मी म्हटलं हा वाळ्याचा, पारूबाईच्या डब्यात भरला. दोन टिकल्या बघायच्या राहिल्या. तो चंद्र मास्तरीणबाईंचा व्हता, त्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण तिरकं दाबलेलं. त्या उशिरा आल्या, शेवटचा पत्रा राहिला व्हता बिनठशाचा, मी म्हटलं तुमचाच, ठसा मोडला.

दोन दिवसांनी मास्तरीणबाई हसत आल्या. चाची, तुमच्या भट्टीत काय जादू हाय का हो, मी घातलं वनस्पती आन् निघालं साजूक तूप! मला तिथंच समदं कळलं. पण मी काय म्हटलं? म्हटलं, नशीब समजा बाई आन् गप खावा, बोभाटा करू नका. ह्यांनासुद्धा सांगितलं नाय. दिवाळीला चार दिवस, दाराबाहेर रांग, आन् मी कशी म्हणू की पत्रा बदलला?

धनतेरसेला दुपारी मंदा आली. एकटी, ओतूरच्या एस्टीनं, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. रांग मोडून पुढं आली तशी मागून एक जण बोलला, काय वो, आमी काय इथं उन्हात वाळवणं घालायला उभे का? तिनं लक्ष दिलं नाय. म्हणाली, चाची, आईचा पत्रा बदलला का? सासू म्हणती तुझी आई साजूक साजूक सांगती आन् वनस्पती खाऊ घालती, अख्ख्या आळीला वाटून दाखवलं, खोटारड्याची अवलाद म्हणती. तुमी फक्त एवढं सांगा की चुकून बदललं. वहीचं पान तिनं घडी घालून आणलं व्हतं, पेन आणलं व्हतं. म्हणाली, दोन ओळी लिहून द्या, तुमाला लिहिता येतं. डब्यातली एक नानकटाई काढून गल्ल्यावर ठेवली. चाखून बघा चाची, तुमीच सांगा.

मी चाखली नाय. मला चव माहीत व्हती. मी म्हटलं, आमच्याकडं अदलाबदल होत नाय. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढं म्हटलं, तुझ्या आईला विचार तिनं काय घातलं.

मंदानं वहीचं पान माझ्यापुढं सरकवलं. मागून पुन्हा ओरडले, होतं का न्हाई वो? तिनं पान घडी करून कमरेला खोचलं आन् गेली. नानकटाई गल्ल्यावरच राहिली. मी पुढच्याला म्हटलं, बोला.

पाडव्याला ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. पोलीस आले, गेले. भाऊ दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला जायचा व्हता, तो आदल्या दिवशीच गेला, एवढंच. हे मला दुकानातच कळलं, बटर घ्यायला आलेल्या माणसानं सांगितलं.

नानकटाईनं कुणी मरत नाय, ताई, एवढी अक्कल मला हाय. त्या घरात तिला आधीपासून छळ व्हता, नानकटाई नसती तर त्यांनी दुसरं काही काढलं असतं. हे मी हजार वेळा स्वतःला सांगितलं. पण ती त्या दिवशी एक गोष्ट मागायला आली व्हती, ती माझ्याकडं व्हती, आन् मी दिली नाय. बाकी समदं त्यांचं पाप, हे माझं.

पुढची दिवाळी आली तशी मला वाटलं, पारूबाई आता येणार नाय. ती आली. एकटी, मैदा घेऊन, तूप घेऊन. गोळे केले, वाळा काढला, एकेकावर दाबला. पत्रा भट्टीत गेला तशी ओट्यावर बसली, तोंड माझ्याकडं करून. नुसती बघत राहिली, पत्रा निघेपर्यंत. तेव्हापासून दर वर्षी तेच. पुढं ती लेकाकडं शिनोलीला राहायला गेली. शिनोलीहून जुन्नरला यायचं म्हणजे दोन एस्ट्या, वाटेत घोडेगाव लागतं, तिथं काय बेकऱ्या नाहीत का? तरी इथंच. आता आमची भट्टीसुद्धा विजेची झाली, सामान घेऊन कुणी येत नाय, समदे तयार पुडे नेतात. मुलगा म्हणतो अम्मी, एका बाईसाठी कशाला, मी म्हणते गप, तिचा पत्रा लावायचा.

आन् दिवाळीचंच काय घेऊन बसलात. कधी भर दुपारी, मार्च-एप्रिलात, कुणाचा पुडा बांधताना मला नानकटाईवर अर्धा चंद्र दिसतो, दोन टिकल्यांसकट. चष्मा पुसून बघते तर काही नसतं, तडा असतो. मंदा येऊन गेली त्या दिवसापासून मी नानकटाई तोंडात घातलेली नाय.

ह्या दिवाळीला पारूबाई आली तेव्हा काठी टेकत आली. गोळ्यावर वाळा नीट बसंना. मी गल्ल्यावरून उठले, तिच्याशेजारी ओट्यावर बसले आन् पत्रा धरला. मला वाटलं, ही आता मरंल नायतर मी मरंन. मी सांगून टाकलं. पारूबाई, त्या साली पत्रा मी बदलला. मंदा विचारायला आली व्हती, मी तिला खोटं सांगितलं. वर तुझ्यावर ढकललं.

ती ठसे उठवत राहिली. शेवटचा झाला तशी म्हणाली, ठाव हाय मला.

मी म्हटलं, काय ठाव हाय?

म्हणाली, डब्यातल्या चार घरी ठेवल्या व्हत्या, लेकाला. त्यातली एक खाल्ली. माझं तूप मला कळत नाय व्हय? तवाच कळलं चाचीनं बदललं. मी म्हटलं दिवाळी होऊन जाऊ दे, मंग जुन्नरला जाते आन् तुला झाडते. लेकीकडं जाऊन सांगावं, हे मला सुचलं नाय. मंग दिवाळी झालीच नाय.

मी म्हटलं, मंग इतकी वर्षं येतेस कशाला? शिव्या घालायच्या व्हत्या, दगड मारायचा व्हता.

ती म्हणाली, गावात कुणी तिचं नाव घेत नाय. भाऊ घेत नाय, त्याच्या पोरांना तर ती ठावच नाय. मी नाव काढलं की समदे म्हणतात, जाऊ दे ना आता आई. तू पण काढत नाय. पर मी समोर बसले की तुझ्या तोंडावर ती दिसती. ती बघायला येते मी.

पत्रा निघाला. तिनं एक नानकटाई उचलून गल्ल्यावर ठेवली, बरोबर त्याच जागेवर. खा म्हणाली. मी खाल्ली, तिच्यासमोर, पूर्ण. साजूक व्हती. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी व्हती, बघत व्हती म्हातारीला काय झालं म्हणून.

डबा बांधून देताना मी विचारलं, पुढच्या वर्षी येणार का गं? ती म्हणाली, जगले तर येईन. आन् चाची, तू बी मरू नको. तू गेलीस तर मी तिला कुणाच्या तोंडावर बघू?

माफ केलं का नाय, ते मी विचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. पण मुलगा दोन वर्षं माझ्यामागं लागलाय, अम्मी, बीपीची गोळी रोज घेत जा, ती आता मी रोज घेते.