पिवळा ठिपका

घरून? आठवड्यातले दोन दिवस घरून — असंच म्हणालात ना? नाही नाही, तुम्हाला नाही हसलो. बसा, ताई, बसा. अर्ज चांगला आहे तुमचा, सहा वर्षं पत्रव्यवहाराचं काम केलंय, म्हणजे आम्हाला हवं तेच — पण हे शेवटचं वाक्य बघा, 'शक्य झाल्यास दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळावी' — हे वाचलं ना, की मला चहासुद्धा कडू लागतो. मुभा! अहो, तुमच्या आधी सात जण येऊन गेले याच खुर्चीत, सातही जणांना मुभा हवी. कुणाला दोन दिवस, कुणाला तीन, एक पठ्ठ्या तर म्हणाला, साहेब, मी महिन्यातून एकदा तोंड दाखवून जात जाईन. जसं काही त्याच्या तोंडावाचून आमचं अडलंय!

येताना मजला बघितलात? चाळीस टेबलं, चाळीस खुर्च्या. माणसं किती दिसली? बरोबर. एक. मी. रोज नऊला पाच कमी असताना येतो, सगळे दिवे लावतो — हो, सगळे, अंधारात बसायला हे काय गोदाम आहे? — आणि बसतो. बाकीचे एकोणचाळीस घरून 'काम' करतात. घरून काम म्हणजे काय ते मला विचारा. संगणक उघडायचा आणि आंघोळीला जायचं. मीटिंग चालू असते, कुणाच्या मागे वॉशिंग मशीन गरगरतंय, कुणाचं पोरगं पलंगावरून उड्या मारतंय, कुणाची सासू विचारते 'अगं, बटाटे संपले की काय' — आणि आमच्या बाईसाहेब म्हणतात, साहेब, तुमचा आवाज तुटतोय. माझा आवाज! मी इथे तारेने जोडलेल्या फोनवर, आणि तुटतोय माझा. खायला काळ आणि भुईला भार, दुसरं काय.

आणि काम तरी काय डोंगर फोडायचंय? कंपनी लिफ्ट बनवते, बसवते, मग ती बंद पडते. बंद पडली की लोक लिहितात. त्यांना उत्तर द्यायचं. एवढंच आहे या विभागाचं काम — तक्रार वाचा, उत्तर लिहा, मेकॅनिक पाठवायचा असेल तर पाठवा. पण घरी बसलेल्या माणसाकडून तेवढंही करून घ्यायचं तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. म्हणून मी वरच्या मजल्यावरून, आमच्या मोठ्या साहेबांकडून, ठिपके मंजूर करून घेतले. हे बघा — दिसतंय तिथून? प्रत्येक नावापुढे एक ठिपका. माणसाचा हात माऊसवर चालतोय, तर हिरवा. पाच मिनिटं हात थांबला की पिवळा. पंधरा मिनिटांनी लाल. मी इथे बसून एकोणचाळीस घरांत बघू शकतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मी हेच — म्हणजे हेही करतो. बाकीही असतंच की.

नाही, फसवतात ना, फसवतात! एक होता, त्याला मी सदाहरित म्हणायचो. ठिपका कधी म्हणून पिवळा नाही. जेवायच्या सुट्टीतसुद्धा हिरवा. मी म्हटलं, वा, याला म्हणतात माणूस. प्रशस्तिपत्र छापून घेतलं, काचेच्या चौकटीत बसवलं, आणि म्हटलं आपणच घरी जाऊन देऊ, बरं वाटेल त्याला. गेलो. बायकोने दार उघडलं, म्हणाली, ते खाली दुकानात असतात, मोबाईलची कव्हरं विकतात, बोलावू का? मी आत डोकावलो तर खोलीत कुणी नाही. टेबलावर टेबलफॅन. पंख्याच्या मानेला दोरा, दोऱ्याला माऊस. पंखा मान वळवतो तसा माऊस इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि मी समोर उभा, हातात प्रशस्तिपत्र. चार महिने, ताई, चार महिने आमच्याकडे पंखा नोकरी करत होता — आणि खरं सांगू? विभागात कुणाला काही फरक जाणवला नाही! हसा, हसा. नाही, काढला नाही त्याला. कसा काढणार — प्रशस्तिपत्रावर माझी सही. मोठ्या साहेबांनी विचारलं असतं, काय हो, पंख्याला दिलंत का? झाकली मूठ... जाऊ दे. तुम्ही हे कुठे बोलणार नाही म्हणून सांगतोय.

काय? या जागेवर आधी कोण होतं? होती एक बाई. टाचणी. म्हणजे नाव वेगळं, मीच ठेवलं होतं टाचणी — किडकिडीत, सरळ, आणि टोचरी. तिची ही जागा. ठिपका म्हणाल तर अकरा वाजले की पिवळा, मग लाल, तो थेट एकपर्यंत लाल. रोज. फोन करावा तर व्यग्र. दोनदा पत्र पाठवलं, उत्तर आलं, 'कामात होते.' कामात! हात हलत नाही आणि म्हणे कामात! महिनाअखेरीला तिची उत्तरं मात्र सगळ्यांच्या दुप्पट — आणि तिने हातावेगळी केलेली तक्रार पुन्हा आली असं व्हायचं नाही. मला संशय तिथेच आला. म्हटलं, ही दुसऱ्या कुणाकडून करून घेत असणार, भावाकडून नाहीतर पुतणीकडून. मोठ्या साहेबांना सांगून टाकलं, रंगेहाथ पकडून आणतो. आणि एका मंगळवारी, अकराच्या ठोक्याला, न सांगता तिच्या दारात उभा राहिलो.

दार उघडंच होतं. आत एकच खोली म्हणा ना, पडदा लावून तिच्या दोन केलेल्या. संगणक चालू, पण कोपऱ्यात, आणि ही खिडकीपाशी उभी, कानाला फोन, हातात वही. मला बघून चपापली नाही हो! हाताने खुणावलं, बसा — जसा काही मी तिच्याकडे तक्रार घेऊन आलोय — आणि बोलतच राहिली. पलीकडे कुणी निवृत्त मास्तर होते, सातव्या मजल्यावर राहणारे, बायको चाकाच्या खुर्चीत. हिचं आपलं चालू — मास्तर, दार बंद होताना खट्ट एकदा वाजतं की दोनदा? जाऊन ऐका बरं, मी थांबते. मास्तर गेले, ऐकून आले. एकदा? मग खाली वाका, उंबऱ्याच्या खाचेत बघा, खडा असेल, बाटलीचं झाकण असेल. मी दोन तास बसलो तिथे, ताई. मास्तर धरून सहा तक्रारी झाल्या. चार तर तिने फोनवरच मिटवल्या, मेकॅनिक नाही, पत्र नाही, काही नाही. वहीत लिहायची, आणि एकनंतर संगणकावर बसून धडाधड उत्तरं पाठवायची. भाऊ नाही, पुतणी नाही. एकटी.

हो, मग दिसलं ना मला. दिसलं म्हणजे — थांबा, तुम्ही पुढचं ऐकून घ्या. साडेबाराच्या सुमारास मास्तरांचा पुन्हा फोन. तेवढ्यात हिच्या पडद्यामागे काहीतरी उतू गेलं, जळका वास आला, आणि हिने काय करावं? फोन सरळ माझ्या हातात दिला! 'साहेब, दोन मिनिटं मास्तरांशी बोला, मी गॅस बंद करून आले.' आता मी बावीस वर्षं या विभागाचा प्रमुख. मास्तर म्हणतात, खाच साफ केली, झाकण निघालं, दार आता नीट लागतंय, पण आतला दिवा लुकलुकतोय आणि लिफ्ट हलत नाही — पुढे काय करू? मी म्हटलं, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. ते म्हणाले, अहो, ती परवाच नोंदवलीय, आता कुठलं बटण दाबू ते सांगा. मी म्हटलं, योग्य ती कार्यवाही होईल.  मास्तर विचारतात, आपण कोण? म्हटलं, विभागप्रमुख. तर म्हणतात — अगदी शांतपणे हो, वर्गातल्या ढ पोराला सांगावं तसं — 'बरं, बरं. मग त्या बाईंनाच द्या.'

ती आली, पदराला हात पुसत, फोन घेतला, म्हणाली, मास्तर, दरवाजाचं बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. त्यांनी धरलं. लिफ्ट चालली. तिने माझ्याकडे बघून हसून म्हटलं, 'जमलं, साहेब!' वाईट नव्हतं तिच्या मनात. तेही मला कळत होतं. पण जिना उतरताना माझे कान असे तापलेले — तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. त्यात काही नव्हतं. मला आमच्या घरचं आठवलं होतं. सगळं बंद होतं ना मध्यंतरी, तेव्हा मीसुद्धा सात आठवडे घरून काम केलं, जेवणाच्या टेबलावर बसून. आमची ही समोर भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या करायची, ऐकायची. आठव्या दिवशी म्हणाली, 'एक विचारू? रागावू नका. तुम्ही दिवसभर लोकांना नुसतं विचारताय — झालं का, कुठवर आलं, कधी होईल. पण तुमचं स्वतःचं काम कधी करता?' टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होती बिचारी. तीस वर्षं डबा भरून देत होती, तिला वाटायचं हा तिकडे काहीतरी करत असेल. मी म्हटलं, तुला कळायचं नाही. ती 'हो' म्हणाली आणि घड्या करायला लागली. कार्यालय उघडलं त्या दिवशी पहिला मी आलो इथे. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. रविवारीसुद्धा — जाऊ दे.

पाणी घेता? नको? बरं.

अहवाल लिहिला मी. खोटं एक अक्षर नाही त्यात. 'प्रत्यक्ष भेटीच्या वेळी सदर कर्मचारी दोन तासांत एकदाही संगणकावर बसलेली आढळली नाही. मध्येच स्वयंपाकघरात गेली. कंपनीच्या ग्राहकाशी बोलणे त्रयस्थाच्या हाती सोपवले.' त्रयस्थ म्हणजे मी, हो. पण नियमाने त्रयस्थच ना! मोठ्या साहेबांनी वाचलं, आठ दिवसांत तिला पत्र गेलं. सदाहरितला प्रशस्तिपत्र देऊन आलो तोही त्याच आठवड्यात, त्यामुळे लक्षात आहे. मला वाटलं येईल, भांडेल, रडेल. आली, याच खुर्चीपाशी उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, साहेब, तुम्ही तर बघितलं होतं. मी म्हटलं, मी जे बघितलं तेच लिहिलं. मग म्हणाली, ही वही ठेवून घ्या, मास्तरांची लिफ्ट तात्पुरती चाललीय, आतली तार सैल आहे, कुणीतरी जाऊन बघायला हवं. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका. वही या खणात ठेवली.

कुणी गेलं का? माणसं घरून काम करतात हो, कुणाला सांगणार! लिफ्ट बंद पडली पुन्हा. एकोणीस दिवस. मास्तरांच्या बायकोची दवाखान्याची वेळ चुकली, दोनदा. मग शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून सात मजले खाली आणलं, त्यात एकाचा पाय घसरला आणि — पडल्या त्या. मनगट मोडलं. नशीब, एवढ्यावर भागलं. मास्तर फोन करायचे ना, रोज साडेअकराला. मी घ्यायचो. म्हणायचो, नोंद घेतली आहे.

आता तुम्हाला वाटेल, टाचणी गेली कामातून. कसली जाते! त्या मास्तरांनीच तिला शोधून काढली. आधी त्यांच्या इमारतीच्या तक्रारी ती लिहायला लागली, मग शेजारच्या, आता अकरा इमारती आहेत तिच्याकडे, त्या तिला पगार देतात, आणि बाई आहे कुठे? त्याच खिडकीपाशी, घरी! दर सोमवारी तिची पत्रं येतात. हे घ्या, वाचा — नाही, मीच वाचतो — 'लिफ्ट क्रमांक दोन, दार बंद होताना आवाज दोनदा, खाच साफ आहे, खडा नाही, झाकण नाही. तरी कृपया "खाच साफ करावी" असे उत्तर पाठवू नये. "नोंद घेतली आहे" असेही पाठवू नये.' बघितलात उद्धटपणा? एकोणचाळीस जणांत एकालाही उत्तर देता येत नाही याला. मोठे साहेब परवा खाली आले, म्हणाले, अहो, ही बाई आपल्याकडे होती ना? कुणी काढली हिला? मी म्हटलं, बघतो, फाइल काढून सांगतो. म्हणून ही जागा भरायचीय, ताई, तातडीने, आणि म्हणून मला माणूस इथे हवा, माझ्या डोळ्यांसमोर, या टेबलावर, जिथे मला — जिथे मी विचारलं तर लगेच —

काय लिहून घेताय? पत्ता? कुणाचा, टाचणीचा? तुम्हाला काय करायचाय तिचा पत्ता? अकरा इमारती एकटीला झेपत नसतील — हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं का तसं? पत्राच्या माथ्यावर... हो, छापलेला असतो पत्ता, असतो ना, मग? ते कार्यालयीन कागद आहेत, ठेवा ते खाली. आणि अर्ज का उचलताय? अजून मी तुम्हाला या म्हणालो नाही. मुलाखत कधी संपली ते मी ठरवतो इथे. बसा. ताई, बसा म्हणतोय ना — दोन दिवसांचं म्हणत होतात ना, घरून? दोन दिवसांचं बघू आपण, एक दिवसाचं तर नक्कीच... नको? बरं. या मग. या तुम्ही. आता मी म्हणतोय — या.