केसाएवढी तर सुई

आणि वर मलाच म्हणतात, घाबरू नका, केसाएवढी तर सुई हाय. व्हय, पण कुणाचा केस? ते कोण सांगत न्हाय. म्हशीच्या शेपटीलाबी केसच असतोय की.

तुम्हाला सांगतो, मी हुपरीचा भरमाप्पा. पन्नास वर्षं घरातच बसून चांदीच्या पैंजणाला घुंगरं जोडली. जगाच्या बायका वाजत गेल्या, आमची कारभारीण बसव्वा बिनपैंजणाची, मुकीच राहिली. औंदा म्हटलं, आता तरी तिचा जोड करू... आणि निम्म्यावर आल्यावर उजवा अंगठाच झोपला. दोन महिनं झालं, चटका बसला तरी कळंना. घुंगरू चिमटीत हाय का पडलं, हे डोळ्यानं बघायचं. मोठ्या डॉक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या, म्हटला वेळ लागंल. मग नात सुष्मिता म्हणाली, "अज्जा, राजारामपुरीत चिनी सुयांची डॉक्टरीण हाय. केसाएवढी तर सुई." आणि बसव्वा म्हणाली, "अवो, जावा की. माझं पाय थांबतील, पण किती दिवस?" मग काय, गेलतो.

डॉक्टर क्रांती. पोरगी चांगली, हळू बोलणारी. पण अंगठा दाखवाय गेलेल्या माणसाला म्हणती, "आजोबा, जीभ दाखवा." दाखवली. मग ह्या मनगटाची नाडी, त्या मनगटाची नाडी, झोप लागती का, पाय गार पडत्यात का... माझ्या लग्नातबी एवढी चौकशी झाली न्हवती. मग म्हणाली, "पायापासून सुरू करू." बाई, अंगठा हाताचा हाय, म्हणणार होतो, पण तिनं सुई उचलली होती. डोळं मिटलं, महादेवाचं नाव घेतलं...

टुचूक. मग पाय जड जड, मुंग्या आल्यागत. म्हणाली, "तसंच वाटतं, घाबरू नका." पायांत चार, उजव्या हातात तीन, आणि शेवटची अंगठ्यात. "इथं काय जाणवतंय?" म्हटलं, "कायबी न्हाय." इतका वेळ टोचण्याला भ्यालतो, आता न कळण्याला भ्यालो.

"वीस मिनिटं हलायचं नाही. घंटी वाजली की मी येते." गेली. मी कुठला हलतोय? श्वासबी दबकत घेत होतो.

आणि घंटी वाजली.

आता बघा, आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ एक वाजता वाजतंय, आणि उठायच्या आधी ज्यानं त्यानं मांडी झटकायची. चांदीचा कीस अंगावर घेऊन कोण जेवाय जात न्हाय. पन्नास वर्षांची सवय... झटकली की मांडी, उजव्या हातानं.

पोरगी धावत आली. मोजल्या. आठातल्या सहाच. "आजोबा, दोन कुठं गेल्या? इथं सगळे अनवाणी येतात हो." एखाद्या लेकराच्या पायात गेली तर? बाकीच्या तिनं काढल्या, आणि मी बसलो फरशीवर. सांडलेलं हुडकायचं तर हुपरीकरानंच की. डोळा फरशीला लावायचा, चमकतंय का बघायचं, आणि बोटं फिरवायची. एक घावली. दुसरी दिसंना. हात फिरवत खाटंखाली गेलो, आणि... चुटकन.

मी हात झटकन बाहेर ओढला.

"काय झालं, आजोबा?"

"टोचली."

"कुठं?"

अंगठा वर केला. उजवा. बोलाय गेलो तर डोळ्यालाच पाणी.

पोरगीनं अंगठा हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "हे सुईमुळं झालं का गोळ्यांमुळं, मला नाही सांगता यायचं. पण चांगलं झालं. अजून पाच वेळा या."

घरी येऊन बसव्वाला सांगितलं. ती आपल्या पायाकडं बघून लाजल्यागत हसली. तुम्ही म्हणाल, भरमाप्पा, मग तक्रार कसली? अवो, आठ सुयांत सगळ्यात सोपी तीच होती, अंगठ्यातली. आता त्याला कळाय लागलंय... आणि मंगळवारी परत जायचं हाय. केसाएवढी तर सुई. बघू, आता कळंलच, कुणाचा केस ते.