सहा माशांचा फिल्टर

अलकापुरीतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी कुरकुरत होती.

"अर्धा तास झाला, भावोजींचा फिल्टर काही निवडून होत नाही. पाय आंबले माझे."

"न निवडला तर बरंच, अहल्या."

"का गं?"

"हळू बोल. हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा बागेतल्या हौदावर जाळी टाकायला मी विसरले. दोन कोई मासे बगळ्याने नेले. हिरव्या पाण्यात यांना कळलं नाही. पाणी नितळ झालं की सहाचे चार दिसतील."

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली.

"पद्मा, हा मोठा घेऊ या. तळ दिसेल म्हणतोय."

"अहो, तळ कशाला बघायचाय? शेवाळं चांगलं असतं माशांना. तो लहान बरा."

"काकी, नानो तो चार माछली माटे," दुकानदार म्हणाला. "तमारी केटली छे?"

"सहा. पण लहानखुरे आहेत हो, चार माशांचा फिल्टर पुरेल त्यांना."

"लहानखुरे? हातभर झालेत की, पद्मा."

"दिसतात तसे. खाणं कमीच आहे त्यांचं."

"तो काका, कयो आपुं?"

"मोठाच दे, भाई. आणि दोन मासेही दाखव."

"अहो, आणखी कशाला? सहा आहेत की."

"पद्मा, दाणे टाकले की महिनाभर चारच तोंडं वर येतायत गं."