फाटकामागचा फोटो

(न्यू मेक्सिकोतल्या समलिंगी लोकांच्या रोडिओचं, म्हणजे उधळत्या बैलावर स्वार होण्याच्या स्पर्धेचं मैदान. बैल सोडायच्या फाटकामागे स्वार ल्यूथर आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली रोझेन.)

ल्यूथर : तो एक फोटो लावू नकोस. बाकीचे खुशाल लाव.

रोझेन : विचारून काढला होता, ल्यूथर. संमतीपत्रावर सही आहे तुझी.

ल्यूथर : तेव्हा म्हणालीस, शहरात प्रदर्शन आहे. आता कळतंय, आमच्याच गावच्या लायब्ररीत. आई जाते गं तिथं.

रोझेन : एवढं आहे तरी काय त्यात? एमेट तुझ्या हातमोज्याची वादी बांधतोय.

ल्यूथर : आणि मी त्याच्याकडे कसा बघतोय, ते? आईला चष्मा असला तरी तेवढं दिसतं.

एमेट : (दोर घेऊन येत) माझं नाव ऐकलं. कसला फोटो?

ल्यूथर : काही नाही. दोर आणलास? दोघांनंतर माझी पाळी.

एमेट : रोझेन, तू सांग बरं.

रोझेन : तुमच्या दोघांचा आहे. गावात लावू नको म्हणतोय.

एमेट : असं होय. नको लावूस मग. अकरा वर्षं एका घरात राहतोय आम्ही. दर नाताळला याच्या आईच्या टेबलावर जेवतो, आणि ती पाहुण्यांना सांगते, हा ल्यूथरचा भाडेकरू. आणि ल्यूथर मान खाली घालून बटाटे वाढून घेतो.

ल्यूथर : हे आत्ताच काढायचं होतं? तो बैल बघ, फळ्या मोडायला निघालाय.

एमेट : बैलाला कधी भ्यालास तू?

ल्यूथर : बैलाचं काही सेकंदांत आटपतं. आई सत्त्याहत्तरची आहे, एमेट.

एमेट : माझंही वय थांबलेलं नाही. हात दे इकडे, वादी बांधतो. रोझेन, कॅमेरा खाली.

रोझेन : खालीच आहे. हे बघ ल्यूथर, सही राहू दे बाजूला. चेहरा तुझा. नको तर नको.

ल्यूथर : घट्ट बांध ना रे.

एमेट : बांधलंय. मूठ वळून बघ.

रोझेन : तुझं नाव पुकारतायत.

ल्यूथर : ऐकू येतंय. प्रदर्शन कधी उघडतं?

रोझेन : सोमवारी सकाळी.

ल्यूथर : मग लाव. उद्या दुपारी जेवताना मी सांगतो तिला. भिंतीवर बघून कळायला नको.

एमेट : ठीक. मी बाहेर गाडीत थांबतो.

ल्यूथर : गाडीत कशाला? शेजारी बस. मी अडखळलो, तर पुढचं तू सांग.