वरच्या थरातले कप

नाही हो मावशी, हे नकोत — हे कोरे करकरीत, अजून खोक्यातला पेंढा चिकटलाय ह्यांना. मला वापरलेले हवेत. टवका उडालेले, चहानं आतून पिवळे पडलेले — बघा ना टोपलीत तळाशी, निघतील दोन-तीन. हसा, खुशाल हसा. तो पलीकडचा स्टीलवाला पण हसला — म्हणे बाई, बुधवारच्या बाजारात येऊन जुने कप मागणारं गिऱ्हाईक आजच बघितलं, भंगारवाल्याकडे जा. तिथंही जाऊन आले. तिथं लोखंड, पुठ्ठा, प्लॅस्टिक — कपबशी कोण ठेवतंय, फुटली की घंटागाडीत. म्हणून म्हटलं, नदीकडेला त्या कपबशीवाल्या मावशी बसतात, त्यांच्याकडे बघावं. बसू का जरा इथे? ऊन फार आहे, आणि घरी जायची तशी घाई नाहीये मला.

शाळेसाठी हवेत हो. मी शिक्षिका आहे, इथेच पंचवटीत — शुभांगीबाई म्हणतात मला, तुमची नात-बीत असेल तर विचारा तिला. सहावी-सातवीला इतिहास शिकवते. आता इतिहास म्हटलं की पोरं जांभया देतात — का देणार नाहीत, पाठ करा, लिहा, विसरा. म्हणून मी मैदानाच्या कोपऱ्यात एक खड्डा केलाय. हो, खड्डा. मे महिना संपता संपता त्यात वस्तू पुरते, थराथरानं — तळाशी जुन्यात जुनं, मग माती, मग त्याच्या नंतरचं, परत माती. शाळा रुळेपर्यंत ती घट्ट बसते. मग हडप्पा संस्कृतीचा धडा आला की सहावीला तिथं न्यायचं, सुतळ्या बांधून चौकोन पाडायचे, हातात खुरपी नि रंगाचे ब्रश द्यायचे — उकरा. जे सापडेल ते कुठल्या थरात सापडलं ते सांगा. आणि मग सांगा, इथं कोण राहत होतं? किती जण होते? काय खात होते? आणि शेवटी — गेले कुठे? अहो, मधली सुट्टी झाली तरी उठत नाहीत पोरं. माझा नियम एकच, खालचं वर नि वरचं खाली करायचं नाही. थर हलवला की ते खोटं बोलणं झालं, असं मी दरवर्षी वर्गात बजावून सांगते.

सातवीला दुसरा खेळ. ते जुन्या काळचे खलाशी असतात ना, समुद्रातून नव्या वाटा शोधणारे — त्यांचा. सगळ्या मैदानावर फक्कीनं समुद्र आखायचा, बाकं उलटी टाकली की झाली गलबतं, आणि वाटीभर पाण्यात तरंगणारी चुंबकाची सुई हे होकायंत्र. गटागटानं निघायचं, बेटं शोधायची, आणि बंदरात परत येऊन सांगायचं काय काय बघितलं. बंदर म्हणजे मी. हातात झेंडा घेऊन एका जागी उभी — बंदरानं हलायचं नसतं. मागच्या खेपेला काय झालं, गलबतं पार कडुनिंबापर्यंत गेली आणि झाली शाळेची घंटा. पोरं तिकडच्या तिकडे दप्तरं उचलून पसार. मी आपली उभी. शेवटी शिपाई आला, म्हणाला, बाई, गेट लावायचंय. काय हसलो दोघं त्या दिवशी.

हां, कप — सांगते ना. खड्ड्याला शाळा कुठून सामान देणार, मी घरातलंच नेते. म्हसरूळला घर आहे माझं, ह्यांनी बांधलेलं — हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली — माळा नुसता भरलाय. तर गेल्या वर्षी तळाच्या थरात सासूबाईंचं सामान घातलं — लोणच्याची फुटकी बरणी, पाट्याचा तुकडा, ही एवढी मोठी पितळी पळी. मधल्या थरात आमच्या संसारातलं — स्टोव्हचा बर्नर, एकाच नक्षीच्या बशा, आणि जीवनची, मुलाची हो माझ्या, चाक निघालेली मोटार. आणि वरच्या थराला काय घालावं म्हटलं, तर ओट्यावर हाताला लागलं ते घेतलं — चष्म्याची काडी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एक चमचा, एक कप. विचार करून काही नाही घातलं. आपलं घाईघाईत, रिक्षा दारात उभी होती.

गणपती झाल्यावर उकरलं पोरांनी. तृप्ती म्हणून मुलगी आहे — घरी झेंडूची शेती, आई देवळापाशी फुलं विकायला बसते. तिच्या चौकोनात तो कप निघाला. ती आपली ब्रशनं झाडून झाडून त्याला फिरवत बसली. मग उभी राहिली नि म्हणाली — बाई, खाली पळी एवढी मोठी आहे, म्हणजे पंगतच असणार जेवायला. मधे बशा नि खेळणं, म्हणजे आई, बाप नि पोर. आणि वर कप एकच. चहाचा डाग कडेला एकाच बाजूला पडलाय, म्हणजे पिणारं माणूस एकच, उजव्या हातानं पिणारं. गोळ्या खायचं, म्हणजे वय झालेलं. बाई, इथं शेवटी एकच म्हातारं माणूस राहत होतं. — मी शाबास म्हटलं. म्हणावंच लागतं, चुकलं कुठं होतं तिचं? मग सगळे मागे लागले, बाकीचे गेले कुठे? रुद्र म्हणाला पूर आला असेल बाई, नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला असेल. कोणी म्हणालं दुष्काळ, कोणी म्हणालं शत्रू चालून आले. आणि मागून एक जण म्हणाला, फ्लॅट घेतला असेल — सगळा वर्ग खो खो हसला. मी आपलं चला हात धुवा म्हटलं नि धडा तिथंच थांबवला.

कारण घेतलाच आहे की. जीवननं फ्लॅट, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी फाट्याला. वेदिकाची, नातीची माझ्या, शाळा तिकडे, सुनेचं ऑफिस तिकडे — सगळं सोयीचं. भांडण? छे हो. भांडण झालं असतं तर परवडलं, भांडलेला माणूस निदान भांडायला तरी येतो. काही झालंच नाही. त्या हडप्पावाल्यांचंही तसंच झालं असेल — कोणी मारलं नाही, जाळलं नाही, नदी सरकली, व्यापार सरकला, माणसं हळूहळू सोयीच्या जागी गेली. इतकी वर्षं शिकवलं, पण मागं कोण राहिलं असेल असा विचार काही माझ्या मनात आला नव्हता. येतात की, रविवारी येतात. पण उभ्या उभ्या. मी गॅसपाशी जायच्या आत स्नेहल म्हणते, आई, चहा नको, आत्ताच झाला. गुणी आहे हो सून, मला त्रास नको म्हणूनच म्हणते. पण ती गेल्यावर मी ओट्यापाशी जाते, तर विसळायला काही नसतं.

आणि तेव्हापासून ती तृप्ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसते. एकदा अबोलीचा गजरा घेऊन आली. तिला कळलंय तो कप कुणाचा ते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं — एवढीशी पोर, तिनं माझी कीव करायची? ती जूनमध्ये सातवीत जाईल, पण तिची धाकटी बहीण येतेय सहावीत, आणि ती हिच्याहून चौकस. म्हणून ठरवलं, ह्या वेळी वरच्या थरात चार कप घालायचे. एक माझा आहेच, तीन हवेत. भरलेलं घर निघू दे. हो, खोटंच ते. नियम माझा, मीच मोडतेय, कळतं मला. पण एवढं एकच वर्ष. पुढच्या वर्षी रिटायरच होतेय मी, मग खड्डा बुजवतील नि तिथं सायकली लावतील.

नाहीच ना जुने? बरं, मग नवेच द्या. तो मोठा द्या, जीवनला लहान कपात चहा पुरत नाही. स्नेहलला हा पातळ कडेचा. आणि तो पिटुकला, सशाचं चित्र आहे तो — नाही, ससा नको, वेदिका मोठी झालीय आता, हसेल मला. तो साधा निळा द्या. म्हणजे — खड्ड्यासाठीच हो, ते कुठे येताहेत प्यायला. काय म्हणालात, मग पिणार कोण? मीच. कोरा कप पुरला तर ती पोरगी तिथल्या तिथं सांगेल, बाई, ह्यात कोणी प्यायलंच नाही. मळवायला नकोत? मेअखेरपर्यंत वेळ आहे. सकाळचा चहा मोठ्यात, दुपारचा स्नेहलच्यात, संध्याकाळी निळ्यात कोको घालून दूध. घासायचे नाहीत, नुसते विसळायचे, मग धरेल डाग. कडेचा डागसुद्धा — थांबा. जीवन डावखुरा आहे. शाळेत त्याच्या मास्तरांनी किती ओरडून बघितलं, नाही सुटली सवय. म्हणजे त्याच्या कपावर डाग दुसऱ्या बाजूला पडायला हवा. म्हणजे त्याचा चहा मला डाव्या हातानं प्यायला लागणार. जमेल. सुरुवातीला सांडेल अंगावर, पण घरात कोण आहे बघायला, मग हळूहळू येईल —

असं नका बघू माझ्याकडे, मावशी. बांधा. कागद जरा जास्त गुंडाळा, रिक्षात आपटायला नकोत. आणि त्या बाई मघापासून बरणी हातात धरून ताटकळल्यात, त्यांच्याकडे बघा तुम्ही. निघते मी.