आधी हात, मग पाय

आई : अरे, बघत काय उभा राहिलायस? उचल तिला. अजून दोन मजले चढायचेत.

बाबा : ती 'नको' म्हणाली ना आत्ता.

आई : अडीच वर्षांच्या पोरीच्या 'नको'ला काय धरून बसतोस! हो बाजूला, मीच घेते. ये गं ठमे, कडेवर ये.

ठमी : नाई! मी चढते.

आई : धाप लागेल राणी तुला.

बाबा : आत्ता तपासणीत डॉक्टर काय म्हणाले? दवाखान्यातून घरी पोचलोही नाही, तोवर विसरलीस? ऑपरेशन उत्तम झालंय, हृदय ठणठणीत आहे, आता पोरीला मोकळं सोडा.

आई : डॉक्टरांचं काय जातं बोलायला! जन्मली तेव्हा ती काचेच्या पेटीत होती. काचेला नाक लावून उभी असायचे मी. हात लावायची सोय नव्हती. तेव्हाच मनाशी म्हटलं, एकदा हातात आली की खाली म्हणून ठेवायची नाही.

बाबा : मीही तिथेच उभा होतो गं.

ठमी : बाबा, कठडा!

बाबा : हां, धर घट्ट. आधी हात, मग पाय. शाब्बास!

आई : 'आधी हात, मग पाय'? हे कधी शिकवलंस तिला?

बाबा : अं... असंच.

आई : असंच म्हणजे कधी?

बाबा : ऑपरेशननंतर, दर रविवारी. तू ड्यूटीवर असतेस तेव्हा.

आई : माझ्या पाठीमागे?

बाबा : तू घरी असताना जमलं असतं का? चपला घालते ती स्वतः. डाव्याची उजवीकडे जाते, पण घालते. पेल्याने पाणी पिते. सांडलं तर फडकं आणून पुसते. पुसते म्हणजे काय, पसरवते.

आई : काहीतरीच! आज सकाळीसुद्धा चपला घालताना माझ्यासमोर नुसता पाय पुढे करून बसली होती.

बाबा : तुझ्यासमोर करते. तिला वाटतं, आईला तसंच आवडतं.

आई : छान. म्हणजे माझ्याच लेकीला काय येतं, ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

बाबा : सांगायला हवं होतं. पण तू 'नाही' म्हणाली असतीस, आणि तुझा शब्द मोडून मला ते करवलं नसतं.

आई : मला हौस नाही रे तिला जखडून ठेवायची. तिला थांबायचं कळत नाही. ऑपरेशनच्या आधी ओठ निळे पडायचे तरी खेळत राहायची. मला दिसायचं म्हणून मी उचलायचे. आता बालवाडीत जायला लागली की कोण बघत बसणार आहे तिच्या ओठांकडे?

बाबा : तेच तर म्हणतोय मी. तुझे डोळे तिच्या दप्तरात घालून पाठवता येणार नाहीत.

आई : बघ, बघ! श्वास वाढला तिचा. सर बाजूला—

बाबा : थांब. एवढं एकदा माझं ऐक. हात मागे घे.

आई : आणि काही झालं तर?

बाबा : आपण दोघंही तिच्या मागेच आहोत की. कुठे पळून चाललोय?

ठमी : दमले.

आई : आले, आले सोन्या—

ठमी : नाई! मी बसते.

(ठमी हाताने पायरी झाडते आणि तिच्यावर बसते.)

आई : हेही तूच शिकवलंस?

बाबा : नाही गं, शप्पथ. हे मीही पहिल्यांदाच बघतोय.

आई : ओठ गुलाबी आहेत.

बाबा : आहेत.

आई : आपली आपण थांबली रे ती.

बाबा : मग रडतेस काय, वेडे? आण ती हातातली पिशवी इकडे.

आई : ठमे, झालं का बसून? जायचं वर?

ठमी : थांब. आई, तू पण बश.

आई : अगं, कुठे बसू? जागा कुठाय?

ठमी : इथे. मी सरकते.